उच्च शिक्षण आणि अतिश्रीमंती : नाते किती, गैरसमज किती?

आपल्या समाजात गेल्या काही वर्षांत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत पालकांचे. मुलाला मोठी पदवी मिळाली, मग ती कर्ज काढून का मिळेना, की घरात लक्ष्मी पाणी भरील, असे त्यांना वाटते. दुसरे मत कॉलेजच्या मुलांचे. ‘धीरूभाई अंबानी कुठे शिकले होते? बिल गेट्सने तर कॉलेज सोडले होते. मग आम्ही पुस्तकात डोके का घालायचे?’ असे ते विचारतात. प्रस्तुत लेखक काही अर्थतज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील कारकून एवढीच त्याची पात्रता. परंतु काउंटरच्या आतल्या बाजूने लोकांची खाती रोज डोळ्यांखालून जातात. त्यामुळे पैसा कसा येतो आणि कसा साठतो, याविषयी काही गोष्टी स्पष्ट दिसतात. त्या आपल्या सभासदांसमोर आणि विशेषतः विद्यार्थ्यांसमोर मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

मिळकत वेगळी, मालमत्ता वेगळी

प्रथम एक फरक लक्षात घेतला पाहिजे. मिळकत म्हणजे दरमहा हातात येणारा पैसा. मालमत्ता म्हणजे आपण झोपलेलो असतानाही ज्याची किंमत वाढते ते, म्हणजे जमीन, कारखाना, दुकान, शेअर. उच्च शिक्षण मिळकत वाढविते, यात शंका नाही. पण अतिश्रीमंती ही मिळकतीने येत नाही, मालकीने येते.

साधा हिशेब करून पाहू. एखाद्या नोकरदाराने दरमहा ५,००० रुपये बाजूला टाकले आणि त्यावर ८ टक्के चक्रवाढ व्याज मिळाले, तर ३० वर्षांनी सुमारे ७५ लाख रुपये होतात. त्यात त्याने स्वतः भरलेले फक्त १८ लाख असतात. हीच बचत दहा वर्षे उशिरा सुरू केली, तर हाती सुमारे साडेएकोणतीस लाखच येतात. म्हणून लवकर सुरुवात करावी, हे खरेच. पण याच मार्गाने १०० कोटी जमवायचे म्हटले, तर तीस वर्षे दरमहा सुमारे ६ लाख ७० हजार रुपये शिल्लक टाकावे लागतील. कोणत्या पगारात हे बसेल? वर्ग एकच्या अधिकाऱ्यालाही ते शक्य नाही.

आता मालकाचा हिशेब पाहा. एखाद्या धंद्यात वर्षाला एक कोटी निव्वळ नफा होतो असे समजू. तो धंदा विकत घेणारा माणूस पुढच्या दहा वर्षांचा नफा डोळ्यांसमोर ठेवून आजच दहा कोटी मोजायला तयार होतो. म्हणजे नोकराला झालेल्या महिन्याचे पैसे मिळतात, तर मालकाला पुढे येणाऱ्या वर्षांची किंमतही आजच मिळू शकते. अतिश्रीमंतीचे सारे गणित या एका वाक्यात आहे.

आपल्या जिल्ह्याचा धडा

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात राहणाऱ्याला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. विखे पाटलांचे शालेय शिक्षण अगदी बेताचे. त्यांच्या जोडीला उभे राहिले ते केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. कारखान्याच्या अध्यक्षपदाची धुरा सुरुवातीची वर्षे गाडगीळांनीच वाहिली. अल्पशिक्षित शेतकऱ्याची जिद्द आणि उच्चविद्याविभूषिताचे ज्ञान एकत्र आले, तेव्हा हा चमत्कार घडला.

परंतु संपत्ती कोणाच्या घरी गेली, हेही पाहिले पाहिजे. गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पण त्यांचे नाव धनिकांत कोणी घेत नाही. संपन्नता आली ती भंडारदरा धरणाच्या पाटपाण्याखाली ज्यांची उसाची जमीन होती आणि त्यामुळे जे कारखान्याचे भागधारक होऊ शकले, त्यांच्याकडे. ज्याला जमीन नाही त्याला भाग नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा त्याच उसाच्या फडात कोयता घेऊन उभे होते. श्रम दोघांचेही होते, पण मालकी एकाचीच होती.

आपल्याकडे होती ती महार वतनाची जमीन. तिच्या बदल्यात गावाची वेठबिगार करावी लागे. या वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. म्हणजे शेजारच्या शिवारात साखर कारखाना धूर सोडू लागला, त्यानंतर आठ वर्षांनी आपण कायद्याने वेठीतून सुटलो. शर्यतीचा आरंभच वेगवेगळ्या ठिकाणी झाला होता.

पुढे साखरेच्या पैशातून शाळा उभ्या राहिल्या आणि १९८० च्या दशकात लोणीला अभियांत्रिकी शिक्षणाचीही सोय झाली. येथेही आधी मालकी आली, मग पदवी आली.

पदवी आधी की कारखाना आधी?

हाच क्रम मोठ्या कारखानदार घराण्यांत दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंगांधळेपणामुळे यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव मात्र १९२६ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेचे पदवीधर झाले. पदवीने कारखाना वाढविला हे खरे, पण तो आधीच वडिलांनी उभा केलेला होता.

आपल्या नगरचे फिरोदिया घराणे घ्या. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील आणि मुंबई विधानसभेचे सभापती. त्यांचे नातू अरुण फिरोदिया मुंबईची आय. आय. टी. आणि पुढे एम. आय. टी. येथे शिकले. कायनेटिकची लुना ज्या नगरमध्ये तयार झाली, तेथील अनेक घरांत तिच्यावर बसून माणसे नोकरीला गेली. येथे शिक्षण अव्वल दर्जाचे होते यात वाद नाही, परंतु त्यामागे तीन पिढ्यांची ओळख, पत आणि भांडवल होते.

‘शाळा सोडून श्रीमंत’ ही अर्धी गोष्ट

आता मुलांच्या आवडत्या उदाहरणांकडे वळू. धीरूभाई अंबानी मॅट्रिकपर्यंत शिकले, ही अर्धी गोष्ट झाली. ते तरुणपणी एडनला एका मोठ्या व्यापारी पेढीत नोकरीला होते. माल, हुंडी, पतपुरवठा यांचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले आणि १९५८ च्या सुमारास ते मुंबईत परतले. पुढे त्यांनी आपल्या मुलाला, मुकेश यांना, मुंबईत रसायन अभियांत्रिकी शिकविली आणि अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पाठविले. शिक्षण निरुपयोगी असते, तर त्यांनी तसे केले असते काय?

बिल गेट्स यांनी १९७५ मध्ये कॉलेज सोडले. पण जे सोडले ते हार्वर्ड होते. वडील वकील होते. १९६८ सालीच त्यांच्या खाजगी शाळेत मुलांना संगणक वापरायला मिळत होता. ज्याच्या पाठीशी एवढे आहे त्याने कॉलेज सोडले, तर तो पडला तरी गादीवर पडतो. आपला मुलगा पडला, तर फरशीवर पडतो.

शिवाय शाळा सोडून जे काहीच झाले नाहीत, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. लाखांतला एक यशस्वी झाला की त्याचे चरित्र निघते. उरलेल्यांची मोजदाद कोण करतो?

ज्यांना वारसा नव्हता

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न पुढचाच आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, पेढी नाही, ओळख नाही, त्याचे काय?

या बाबतीत सर्वांत कटू धडा खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली ते परतले. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. ज्ञानात कमतरता नव्हती. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके पांगली. पुढे १९२३ मध्ये ज्यांना लंडनने अर्थशास्त्राची डी. एस्सी. दिली, त्या माणसाचा हा अनुभव. ज्ञानाला बाजारात किंमत यायला समाजाची मान्यता आणि विश्वासही लागतो, हे यावरून दिसते.

त्यानंतरच्या काळात दारे थोडी उघडली. सांगली जिल्ह्यातील पेड गावचे अशोक खाडे हे मुंबईत चप्पल शिवणाऱ्या कारागिराचे पुत्र. माझगाव डॉकमध्ये काम करता करता त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका घेतली. नोकरीत समुद्रातील तेलविहिरींसाठी लागणाऱ्या बांधणीचे काम ते शिकले, आणि मग भावांबरोबर दास ऑफशोअर ही कंपनी काढली. लातूर जिल्ह्यातील मिलिंद कांबळे यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन बांधकाम व्यवसाय केला आणि २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना स्थापन केली. अकोला जिल्ह्यातील कल्पना सरोज यांचे बालवयात लग्न झाले, शाळा सुटली. मुंबईत शिवणकाम करीत असता मागासवर्गीयांच्या शासकीय योजनेतून ५०,००० रुपयांचे कर्ज मिळवून त्यांनी धंदा सुरू केला. पुढे कर्जात बुडालेली कमानी ट्यूब्स ही कंपनी त्यांनी हाती घेऊन सावरली. कांबळे आणि सरोज या दोघांनाही २०१३ साली पद्मश्री मिळाली.

या तिघांत पीएच. डी. कोणी नाही. पण तिघांनीही काहीतरी नेमके शिकून घेतले होते, आणि ते कौशल्य पगारावर न विकता मालकीत घातले. खाडे यांचा मार्ग आपल्या मुलांना विशेष मार्गदर्शक आहे. आधी तांत्रिक शिक्षण, मग नोकरीत अनुभव आणि ओळख, मग स्वतःचा उद्योग.

उच्च पदवीचा थेट उपयोग होतो, असे एक क्षेत्र मात्र आहे. जेथे ज्ञान हेच भांडवल असते, ते संगणक, औषधे, जैवतंत्रज्ञान यांचे क्षेत्र. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच. डी. केली आणि १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. २०१० साली तिचे शेअर बाजारात आले आणि पुढे देशपांडे अब्जाधीशांच्या यादीत गेले. येथे जमीन लागली नाही, ऊस लागला नाही. पण येथेही संपत्ती झाली ती डॉक्टरेटची नव्हे, शेअरची.

मग उच्च शिक्षण कशासाठी?

वरील विवेचनावरून कोणी शिक्षण सोडण्याचा अर्थ काढील, तर तो विपरीत होईल. उच्च शिक्षण अतिश्रीमंतीची हमी देत नाही. पण ते चार गोष्टी निश्चित देते. पहिली, घराला दारिद्र्यात परत न पडू देणारी मिळकत. दुसरी, बँकेत पत. पगारपत्रक हे आपल्या लोकांचे पहिले तारण आहे. तिसरी, ओळखी आणि धीर. मोठ्या माणसासमोर खुर्चीवर बसून बोलण्याचे बळ. चौथी, फसवणूक ओळखण्याची दृष्टी. जमीनदाराच्या मुलाला शिक्षण हा दागिना आहे. आपल्या मुलाला ती जमीन आहे. आणि जमीन कसली तरच पिकते.

विद्यार्थ्यांनी व पालकांनी पुढील बाबींचा विचार करावा.

१) केवळ नावापुढे अक्षरे लागावीत म्हणून पदवी घेऊ नये. ती कोणत्या कामाला लागते, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. भरमसाट फी घेणाऱ्या संस्थेत कर्ज काढून जाण्यापूर्वी, तेथून बाहेर पडलेल्या चार मुलांना काय काम मिळाले ते पाहावे. शैक्षणिक कर्ज हे शेवटी कर्जच असते.

२) शाखा कोणतीही असो, ताळेबंद वाचायला शिकावे. नफा, भांडवल, घसारा, चक्रवाढ हे शब्द कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही यायला हवेत.

३) नोकरी लागली की पहिल्या पगारापासून बचत सुरू करावी. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. म्हणजे निम्मी मिळकत भांडवलात! आपण मात्र लग्नाच्या मांडवात ती संपवितो.

४) उद्योग करू इच्छिणाऱ्याने शासकीय योजनांची माहिती शाखेत जाऊन घ्यावी. महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे. तारणाविना उद्योगकर्जाला हमी देणारा न्यास २००० साली स्थापन झाला. २०१६ साली आलेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत १० लाख ते १ कोटीपर्यंतच्या कर्जाची तरतूद होती आणि प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला कर्ज द्यावे अशी अपेक्षा होती. योजनांची नावे बदलतात, पण अर्ज घेऊन आपली माणसेच आली नाहीत, तर कोणतीही योजना कागदावरच राहते.

५) समाजातील निवृत्त अधिकारी, अभियंते, लेखापाल यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून मुलांचे प्रकल्प अहवाल तपासून द्यावेत. गाडगीळांनी विखे पाटलांना जे दिले, ते आपल्या शिकलेल्यांनी आपल्या होतकरूंना द्यायला काय हरकत आहे?

१८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी तीव्र खंत बोलून दाखविली होती. शिकलेला माणूस स्वतःच्या पोटापुरताच राहिला, हे त्या खंतीचे मूळ होते. एखादा भीमसैनिक अब्जाधीश झाला तर आनंदच आहे. पण प्रत्येक घरात एक पदवीधर, प्रत्येक पदवीधराकडे थोडी बचत आणि प्रत्येक गावात आपल्या मालकीचा एक तरी चालता उद्योग, एवढे जरी पुढच्या पिढीने साधले, तरी उसाच्या फडापासून सुरू झालेला आपला प्रवास मालकीच्या दारापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.

जय भीम!