बैल कोणी रंगवला?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंडारा जिल्ह्यातले रस्ते लहानग्यांचे असतात. तान्हा पोळा! चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत पोरे घरोघर फिरतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे गोळा करतात. कुठे चौकात, कुठे मंदिरापुढे सजावटीच्या स्पर्धाही होतात. अडीच वर्षांच्या स्पर्धकाच्या बैलाची शिंगे सोनेरी, झूल जरीची आणि पाठीवर ‘झाडे लावा’चा सुबक फलक! हे सगळे रात्री जागून कोणी केले, ते परीक्षकांनाही कळते. लेकराच्या वाट्याला येते फक्त दोरी.

एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या चित्रकला-हस्तकलेबद्दल मोठ्यांच्या मनात घर करून बसलेले बरेच गैरसमज या एका बैलात सापडतात.

गैरसमज : काढलेले चित्र ‘कशाचे तरी’ दिसले पाहिजे.

वस्तुस्थिती : बालचित्रांचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये चित्रकलेचे टप्पे मांडले. त्यांत साधारण दोन ते चार वर्षे हा काळ निव्वळ गिरगोट्यांचा आहे. बहुतेक मुलांना तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल काढता येतो, चौकोन त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने जमतो. हात हलवला की कागदावर खूण उमटते, हाच दोन वर्षांच्या मुलाला लागलेला शोध असतो. ‘हे काय काढलंस?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे बहुधा नसतेच.

गैरसमज : लवकर पेन्सिल हाती दिली की अक्षर लवकर वळणदार होते.

वस्तुस्थिती : मनगटात आठ छोटी हाडे असतात आणि दोन वर्षांच्या मुलाची त्यांतली बहुतेक अजून कूर्चेच्याच रूपात असतात. हे मूल खडू मुठीत धरते आणि हात खांद्यापासून हलवते. तीन बोटांची पकड चौथ्या वर्षाच्या सुमारास येऊ लागते आणि पुढे सफाईदार होते. तोवर जाड खडू आणि मोठा कागद लागतो, दुरेघी वही नाही. बोटांत ताकद आणायची तर मळणे, दाबणे, फाडणे, पिळणे ही कामे जास्त उपयोगी.

गैरसमज : त्यासाठी शहरातून महागडा संच आणावा लागतो.

वस्तुस्थिती : हा प्रश्न बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कधीच निकालात काढला आहे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले तेव्हा माँटेसरीची परदेशी साधने गावाला परवडणारी नव्हती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी आजूबाजूचे दगड, पाने, बिया, शिंपले यांतूनच साधने घडवली.

भंडाऱ्यात तर हाताशी धान आहे. मुलाला मळायला द्यायचे तांदळाचे पीठ थंड पाण्यात भिजवले तर गोळा फुटतो, कारण त्यात कणकेसारखा चिकटपणा आणणारे ग्लुटेन नसते. त्याची उकड काढावी. कोमट असतानाच पाण्याचा हात लावून, थेंबभर तेल घालून मळली की गोळा मऊ होतो. एका गोळ्यात बिटाचा रस, दुसऱ्यात हळद. पीठ शिजलेले असल्याने मुलाने तोंडात घातले तरी घाबरायचे कारण नाही, मात्र गोळा त्याच दिवशी टाकून द्यावा.

पळसाचे पान उलटे ठेवून वर पातळ कागद धरला आणि खडू आडवा घासला की शिरान् शिर उमटते. तणसाची जुडी करून घट्ट बांधली आणि टोके कापली की कुंचला तयार. रंग नसेल तर नुसते पाणी पुरते. दुपारी तापलेल्या ओट्याच्या सावलीतल्या भागावर ओल्या कुंचल्याने रेघा माराव्या. त्या वाळून नाहीशा होतात, म्हणून मूल पुन्हा मारते.

गैरसमज : घरचे, नैसर्गिक म्हणजे बिनधोक.

वस्तुस्थिती : सगळ्यांत जपायला हवे ते इथेच. टिकाऊ गोळ्यासाठी दोन वाट्या कणकेत वाटीभर मीठ घालण्याची कृती सगळीकडे फिरते. एवढे मीठ असलेला गोळा लहान मुलाने बऱ्यापैकी खाल्ला तर जिवावर बेतू शकते.

तूर, चणे, लाखोळीची डाळ चिकटवून चित्र करणे बालवाडीत लोकप्रिय आहे, पण तीन वर्षांखालच्या मुलांना ते नको. दाणा नाकात जातो, श्वासनलिकेत अडकतो. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे सव्वा इंच व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयासाठी धोक्याची मानतात. घरातही तोच निकष लावता येतो.

रानातून आणलेली लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण तिच्या बीत ॲब्रिन हे जहाल विष असते. बी चावली गेली तर ते शरीरात उतरते. एरंडाची बीही विषारीच. धानाचे तूस डोळ्यात गेले तर बुबुळाला जखम होऊन बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून तुसाचा खेळ नको. पळसाची फुले उकळून केशरी रंग छान निघतो. चुन्याने तो बदलतो, हळद तर लाल होते. पण चुना मोठ्यांनीही मुलांपासून दूर ठेवूनच हाताळावा, डोळ्यात गेला तर तो जाळतो.

आजोबांच्या वेळचा लाकडी बैल नातवाला देतानाही त्याच्या रंगाकडे पाहावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्याआधीच्या रंगाचे पोपडे निघत असतील तर तो बैल चाटण्याच्या वयातल्या मुलाच्या हाती देऊ नये.

गैरसमज : बक्षीस ठेवले की मुले आवडीने चित्रे काढतात.

वस्तुस्थिती : लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अमेरिकेत एका बालवाडीतील तीन ते पाच वर्षांच्या, चित्रांची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले, ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल.’ काहींना ते न सांगता दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत रंग ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ रंगांपाशी थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

गैरसमज : डाव्या हातात खडू धरला तर तो लगेच उजव्यात द्यावा.

वस्तुस्थिती : दोन वर्षांचे मूल दोन्ही हात आलटून पालटून वापरते. हाताचा कल साधारण तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान पक्का होत जातो आणि डावखुरेपणा हा दोष नाही. खडू मुलाच्या डाव्या-उजव्या बाजूला न ठेवता बरोबर समोर, मध्यभागी ठेवावा. कोणत्या हाताने उचलायचा ते त्याला ठरवू द्यावे.