किल्ली हरवली? मग कुलूपच बदला

तायांनो, कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सगळे वावरात, अन् घर नुसत्या कुलपाच्या भरवशावर. त्यात गटाची पेटी, पासबुकं आपल्याच घरी. किल्ली हरवली की आपण दुसरी बनवतो अन् विसरतो. पण पहिली कुणाच्या हाती लागली, तर त्याला दार उघडंच ना!

लोंबतं कुलूप असेल तर नवीनच घ्या. दारात बसवलेलं सिलेंडरचं लॅच असेल तर सगळं काढू नका, आतला सिलेंडर तेवढा बदला. जुना सोबत घेऊन इतवारीत गेलात तर मापाचा मिळवणं सोपं जातं.

कडी-कोयंडाही पाहा. स्क्रू बाहेरून दिसत असतील तर भारी कुलूपही पेचकसापुढे फुकट. आरपार बोल्ट टाका, नट आतून कसा.

आणि सासरच्यांनीच कुलूप बदलून तुम्हाला बाहेर काढलं तर? घर तुमच्या नावावर नसलं तरी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिथे राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. १८१ वर फोन करा, संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. गटातली एखादी मैत्रीण सोबत न्या.