कॅज्युअल्टीतले तास : मुलांच्या बाबतीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

दीड वर्षाचं मूल पलंगावरून पडतं, कपाळाला टेंगूळ येतं, एक उलटी होते आणि अख्खं घर कॅज्युअल्टीत हजर होतं. केसपेपर निघतो, ड्युटीवरचे डॉक्टर डोळ्यांवर बॅटरी मारून बघतात, डोकं चाचपतात आणि सांगतात, "थांबा, बघू या." मग तास उलटतो, दोन उलटतात. बाकावर कुजबुज सुरू होते : "नुसतं बसवून ठेवलंय!" या थांबण्याबद्दल पालकांच्या मनात काही ठाम समजुती असतात. त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात, काही मात्र अगदी रास्त.

गैरसमज : जो आधी आला, त्याचा नंबर आधी.

वस्तुस्थिती : बँकेत टोकन चालतं, कॅज्युअल्टीत ट्रायज चालतं. म्हणजे आजाराच्या गांभीर्यानुसार क्रम. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या पद्धतीत तीन गट आहेत. श्वास अडतोय, ओठ-जीभ निळी पडली आहे, हातपाय गार पडून नाडी क्षीण झाली आहे, मूल बेशुद्ध आहे, आकडी चालू आहे किंवा अंगातलं पाणी पार आटलं आहे, अशा मुलावर त्याच क्षणी उपचार सुरू होतात. दुसऱ्या गटाला रांगेत पुढे घेतलं जातं : दोन महिन्यांखालचं बाळ, भाजलेलं किंवा विषबाधा झालेलं मूल, अगदी मलूल पडलेलं किंवा तीव्र कुपोषित मूल, दुसऱ्या रुग्णालयाने चिठ्ठी देऊन पाठवलेलं मूल. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं.

त्यामुळे रडण्याच्या आवाजावरून अंदाज बांधला, तर हमखास चुकतो. कोकणातला विंचूदंश हे त्याचं चांगलं उदाहरण. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाची धोक्याची पूर्वलक्षणं १९८२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये मांडली : उलटी, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, गार पडणारे हातपाय. दंशाच्या जागी आग होते म्हणून किंचाळणारं, पण यातलं एकही लक्षण नसलेलं मूल तुलनेने सुरक्षित असतं. घामाने भिजलेलं, गार पडलेलं, गप्प मूल आधी आत जातं.

गैरसमज : डोक्याला लागलंय ना, मग एक सीटी स्कॅन करा आणि मोकळं करा.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या २५ आपत्कालीन विभागांमध्ये डोक्याला मार लागलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३५ टक्के मुलांचा स्कॅन झाला होता. मेंदूला महत्त्वाची इजा निघाली ०.९ टक्के मुलांत आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली हजारात एक-दोघांना. स्कॅनमधून होणारा किरणोत्सर्ग लहान वयात अधिक बाधतो, म्हणून तो सरसकट करायचा नसतो. धोक्याची ठळक चिन्हं असली तर स्कॅन लगेच होतो. ना ठळक धोका, ना पूर्ण निर्धोक, अशा मधल्या गटातल्या मुलांना साधारण चार ते सहा तास डोळ्यांसमोर ठेवणं हा मान्य वैद्यकीय मार्ग आहे.

या वेळात सिस्टर येऊन मुलाला हाक मारतात, हातात काहीतरी देऊन बघतात, पुन्हा उलटी झाली का ते विचारतात. पालकांना ही चौकशी वाटते. प्रत्यक्षात ती तपासणीच असते आणि कागदावर तिची वेळ लिहिली जाते.

गैरसमज : सलाईन लावलं की लवकर सुटका.

वस्तुस्थिती : जुलाब-उलट्यांनी मूल सुकलं असेल, पण गंभीर नसेल, तर किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस चार तासांत पाजायचं असतं. दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, पण आणखी सावकाश. चमचा घेऊन बसलेली आई इथे उपचारच करत असते.

सलाईन तीव्र शुष्कतेसाठी राखून ठेवलेलं असतं आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते सहा तासांत चढवतात, मोठ्या मुलाला तीन. पाणी भरून निघाल्यावरही शक्य असेल तर आणखी सहा तास थांबवून घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सलाईनवालं मूल ओआरएसवाल्या मुलाच्या आधी घरी जाईल, हे गणितच चुकतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईनचा साठा तोकडा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून पटकीच्या रुग्णांना वाचवलं होतं. तोंडावाटे दिलेलं पाणी हा दुय्यम उपचार नाही.

गैरसमज : आता खेळायला लागलंय, तर नेऊ या घरी.

वस्तुस्थिती : काही आजार मध्येच विश्रांती घेतात. घसा सुजून भुंकल्यासारखा खोकला येणाऱ्या क्रूपमध्ये ॲड्रेनलिनची वाफ दिली की मूल काही मिनिटांत मोकळा श्वास घेतं. पण त्या वाफेचा असर दोनेक तासांत ओसरतो आणि त्रास परतू शकतो, म्हणून दोन ते चार तास थांबवतात. रॉकेल प्यायलेलं मूल दिसायला ठीक असलं, तरी फुप्फुसावरचा परिणाम दिसायला सहा तास लागू शकतात. पॅरासिटॅमॉलची बाटली रिकामी केलेल्या मुलाचं रक्त औषध घेतल्यापासून चार तास होण्याआधी तपासलं, तर आकड्यावरून धोक्याचा अंदाज येत नाही. विंचूदंशावरची प्राझोसिनची गोळीही दर तीन तासांनी हातपाय गरम होईपर्यंत द्यावी लागते. या तासांच्या मध्येच 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून निघणं घातक ठरू शकतं.

गैरसमज : पोलीस केस असेल तर आधी कागदपत्रं, मग उपचार.

वस्तुस्थिती : परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, जीव वाचवणं हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. पोलिसांची कागदपत्रं त्यासाठी आडवी येऊ शकत नाहीत.

गैरसमज : जितकं लवकर सोडतील, तितकं रुग्णालय चांगलं.

वस्तुस्थिती : इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिला. २००४ अखेर ९८ टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल लावायचं बंधन रुग्णालयांवर आलं. २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणलं गेलं. रखडपट्टी कमी झाली, हे खरं. पण चार तास भरण्याआधीच्या शेवटच्या वीस मिनिटांत विभागातून बाहेर काढलेल्या रुग्णांची गर्दी आकडेवारीत दिसू लागली. रुग्णाच्या गरजेपेक्षा घड्याळ वरचढ ठरत होतं.

तरीही पालकांची तक्रार उडवून लावण्याजोगी नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात तपासून घरी पाठवलेल्या सर्व वयांच्या सुमारे १ कोटी ३९ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्या पाळीत विभागातला मुक्काम सरासरीने लांबला होता, त्या पाळीतल्या रुग्णांना पुढच्या सात दिवसांत मृत्यूचा आणि भरती व्हावं लागण्याचा धोका जास्त आढळला. निरीक्षणाचे तास उपयोगाचे असतात. खाट रिकामी नाही, रिपोर्ट आलेला नाही, डॉक्टर एकच आहे, यात जाणारे तास रुग्णाच्या पदरात काहीच टाकत नाहीत. बाकावरून मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून पालकांनी ड्युटीवरच्या डॉक्टरांना दोन प्रश्न बिनदिक्कत विचारावेत : "आपण नेमकं कशासाठी थांबलोय?" आणि "पुन्हा कधी तपासणार?" रुग्णालयात जाताना मूल कधी पडलं, शेवटची उलटी आणि शेवटची लघवी कधी झाली, हे लिहून न्यावं. औषध किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर बाटली सोबत घ्यावी आणि मुलाला उलटी करवू नये. आणि थांबलेलं असताना मूल पेंगू लागलं, श्वास वाढला किंवा हातपाय गार पडले, तर नंबराची वाट न बघता तडक उठून सिस्टरला सांगावं.