बंदुकीचा पावसाळा
कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक ठेवतात. वडिलांनंतर आमचा परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हापासून तिची निगा मीच राखतो.

आधी नळी रिकामी असल्याची खात्री करायची. काळ्या दारूची काजळी ओल ओढते. ती गरम पाण्याने धुऊन, नळी खडखडीत सुकवून आतबाहेर तेलाचा पातळ हात द्यायचा. घामातल्या मिठानेही गंज चढतो, म्हणून पुसलेलं लोखंड उघड्या हाताने धरायचं नाही. चामड्याची गवसणी ओलावा धरते. त्यापेक्षा चरे पडू नयेत म्हणून तेलाचा हात दिलेल्या मऊ सुती कापडात बंदूक गुंडाळावी, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तपासावी. गंजाने पडलेले खड्डे भरून येत नाहीत, आणि कमकुवत नळी चालवणाऱ्याच्याच जिवावर उठते.