पिरूल, वारा आणि वणवा

एप्रिल महिना उजाडला, की मैदानी प्रदेशातील उकाड्याने त्रासलेली पावले नैनिताल, राणीखेत, कौसानी यांच्या दिशेने वळू लागतात. त्यांत मराठी पर्यटकही असतात. चीडवृक्षांच्या उंच, सरळ रांगा, त्यांतून घुमणारा वारा, वाटेवर विकायला आलेली लालबुंद काफळे आणि पलीकडे हिमशिखरांची ओळ हे दृश्य डोळ्यांत साठवावे, एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु याच दिवसांत कित्येकदा हिमशिखरे दिसतच नाहीत. दरीवर करडा धूर पसरलेला असतो आणि रात्री समोरच्या डोंगरावर तांबड्या रेघा सरकताना दिसतात. पाहुण्याला ती रोषणाई भासते. डोंगरावरच्या माणसाची मात्र झोप उडालेली असते.

उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम मानला जातो. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांमुळे पडणारा पाऊस आणि बर्फ या डोंगरांना पुढील काही महिने ओलावा पुरवितात. ज्या वर्षी हिवाळा कोरडा जातो, त्या वर्षी मार्चपासूनच जमीन तापू लागते, हवेतील आर्द्रता घटते आणि गवत चुरचुरीत होते. नेमक्या याच सुमारास चीडवृक्षाची सुईसारखी पाने गळू लागतात. कुमाऊं-गढवालमध्ये या वाळलेल्या पानांना ‘पिरूल’ म्हणतात. साधारण ९०० ते २,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात, जवळपास चार लाख हेक्टरांवर पसरलेल्या चीडवनांत पिरुलाचा जाड, निसरडा गालिचा अंथरला जातो. त्यात राळेचा अंश असल्याने एक ठिणगीही त्याला पुरेशी होते.

वाऱ्याची चाल

डोंगरातील आग सपाटीवरील आगीहून वेगळी वागते. दिवसा उन्हाने उतार तापतात आणि वारा दरीतून शिखराकडे वाहू लागतो. वर चढणाऱ्या ज्वाळा पुढच्या पिरुलाला आधीच तापवून कोरडा करतात. त्यामुळे उताराचा कोन दहा अंशांनी वाढला, की आगीचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. रात्री वाऱ्याची दिशा उलटते आणि तो डोंगरावरून दरीकडे उतरतो. याशिवाय चीडाची पेटलेली फळे आणि ओंडके उतारावरून गडगडत खाली येतात व विझविलेल्या पट्ट्याच्या पलीकडे पुन्हा आग लावतात. म्हणून येथे आग विझविणाऱ्यास ज्वाळांइतकेच वाऱ्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

वाऱ्याचा हा लहरीपणा किती जीवघेणा ठरू शकतो, हे १३ जून २०२४ रोजी दिसून आले. अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझविण्यासाठी वन कर्मचाऱ्यांचे आठ जणांचे पथक गेले होते. जोरदार वाऱ्याने भडकलेल्या ज्वाळांनी त्यांना वेढले. चौघे जागीच मृत्युमुखी पडले आणि उरलेले चौघे गंभीर भाजले. हंगाम संपावयास तेव्हा अवघे दोन दिवस उरले होते.

हेलिकॉप्टर आणि हिरवी फांदी

२०१६ साली उत्तराखंडात सुमारे ४,४०० हेक्टर वनक्षेत्र होरपळले. तेव्हा भारतीय वायुसेनेच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी भीमताल सरोवरातून पाणी उचलून डोंगरांवर ओतले. एप्रिल २०२४ मध्ये आग नैनिताल शहराजवळ येऊन ठेपली, तेव्हाही हाच उपाय योजावा लागला. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्याने आगीची ठिकाणे हेरून राज्यांच्या वन विभागांना सूचना देत आली आहे. तथापि, उपग्रह आग दाखवितो. ती विझवीत नाही. अखेरीस कोणी तरी तो चढ चढून हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपाव्या लागतात, पिरूल बाजूला सारून जाळरेषा काढावी लागते.

हे काम पूर्वापार गावकरीच करीत आले. जंगल आपले आहे, ही भावना त्यामागे होती. ब्रिटिश सरकारने जंगले राखीव करून गावकऱ्यांचे चराईचे व लाकूडफाट्याचे हक्क आवळले, तेव्हा १९२१ साली कुमाऊंमध्ये असंतोष उसळला आणि चीडवने पेटविली गेली. परिणामी सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ च्या नियमांनी ‘वन पंचायती’ अस्तित्वात आल्या. आज राज्यात अकरा हजारांहून अधिक वन पंचायती आहेत. ज्याला जंगलातून चारा, सरपण आणि पाणी मिळते, तोच आगीच्या वेळी धावून जातो, हा त्या इतिहासाचा धडा होय.

शीतलाखेतच्या स्त्रिया

अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेतच्या परिसरात हा धडा नव्याने गिरविला गेला. स्याही देवीच्या डोंगरावरील बांजाचे जंगल विरळ होत गेले, तसे झरे आटू लागले. बांज हा हिमालयातील ओक वृक्ष. त्याच्या छायेतील माती ओलावा धरून ठेवते आणि त्याच्या पाल्यावर गुरे पोसली जातात. पाण्याचे हंडे डोक्यावरून वाहणाऱ्या स्त्रियांना या झाडाचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या एकत्र आल्या. त्यांनी हिरवी झाडे तोडणे थांबविले. नांगरासाठी बांज तोडावा लागू नये, म्हणून गावांत अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या सहकार्याने घडविलेला हलका लोखंडी नांगर आला.

पुढचा प्रश्न आगीचा होता. पेरणीपूर्वी शेताच्या बांधावरील झुडपे व कचरा जाळण्याची येथे जुनी प्रथा आहे. त्या ढिगांना ‘ओण’ म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांतील सुसाट वाऱ्यात या ओणाच्या ठिणग्या जंगलात शिरतात. यावर गावकऱ्यांनी काढलेला तोडगा साधा होता : ओण जाळावयाचे असेल, तर ते मार्चअखेरपर्यंत, हवेत गारवा असताना आणि लक्ष ठेवूनच जाळावे. त्यासाठी १ एप्रिल हा ‘ओण दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला. प्रथा मोडली नाही; तिची वेळ तेवढी बदलली. आगीची वर्दी मिळताच स्त्रिया स्वतःहून डोंगर चढू लागल्या. ‘शीतलाखेत मॉडेल’ या नावाने हा प्रयोग आज राज्यभर ओळखला जातो.

पिरुलाचेही असेच. तो जमिनीवर राहिला तर इंधन, उचलला तर धन. त्यापासून कांडीकोळसा बनतो, वीजनिर्मितीही करता येते. मे २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘पिरूल लाओ, पैसे पाओ’ मोहीम सुरू करून किलोमागे ५० रुपये दर जाहीर केला. मात्र उभ्या उतारावरून पिरूल गोळा करणे कष्टाचे असते. रास्त दर आणि वाहतुकीची सोय सातत्याने मिळाली, तरच हा उद्योग टिकेल.

सावधगिरीचे चार शब्द

बहुतेक वणव्यांमागे माणूसच असतो. कधी नव्या गवताच्या आशेने कुरण पेटविले जाते, कधी रस्त्याच्या कडेला विडीचे थोटूक भिरकावले जाते, कधी सहलीची चूल न विझविता मंडळी पुढे जातात. म्हणून उन्हाळ्यात पहाडावर जाणाऱ्याने चीडवनात विस्तव पेटवू नये, धूम्रपान टाळावे आणि धूर दिसताच नजीकच्या वन चौकीस कळवावे. आगीच्या वरच्या बाजूस, उतारावर, कधीही उभे राहू नये. डोंगराळ भागात घर असणाऱ्यांनी घराभोवतीचा पालापाचोळा हटवावा आणि विमापत्र एकदा नीट वाचावे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत जंगलातील आगीने होणाऱ्या नुकसानीचाही समावेश आहे.

घराचे नुकसान विम्याने भरून येऊ शकते. जळालेल्या उतारावरील माती मात्र पहिल्याच पावसात वाहून जाते, आणि तिच्याबरोबर झऱ्याचे पाणीही. ती पुन्हा साठण्यास पिढ्या लागतात. शीतलाखेतच्या स्त्रिया आगीच्या मागे डोंगर चढतात, त्या ही ठेव राखण्यासाठीच.