विश्लेषण : शेतराखणीच्या बंदुकीत काळी दारूच का?

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन शेंगांवर आले की जागल सुरू होते. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरीच्या माळरानालगत रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायला कोणी डबे वाजवतो, कोणी बांधावर जुन्या साड्या बांधतो. ज्यांच्याकडे परवाना आहे, ते ठासणीची बंदूक घेऊन बसतात. डुक्कर छर्ऱ्याला दाद देत नाही म्हणून एकच मोठी शिशाची गोळी भरावी का आणि काडतुसातली ‘जोरदार’ दारू ठासणीत चालेल का, हे प्रश्न मग येतातच. दुसऱ्याचे उत्तर आधी देऊ : अजिबात नाही.

दोन दारूंत फरक काय?

सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू कोंडली तरी तिच्या जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. त्यामुळे नळीतला दाब मर्यादेत राहतो. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी तयार केलेल्या धूरविरहित दारूचे उलट आहे. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. ठासणीची नळी काळ्या दारूच्या हिशेबाने बनलेली असते. तिच्यात काडतूस फोडून काढलेली दारू ठासली, तर नळी फुटते आणि आधी जातो तो नळीजवळचा हात.

काळ्या दारूची गोळी कमी पडते का?

बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातील एका गोळीचा व्यास. तो साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. बंदुकीच्या नळीत पीळ नसल्याने अशी गोळी भरकटते. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये पुढून जड आणि मागे हलका बूच असलेली गोळी केली, ती याचसाठी. हीच ‘स्लग’. आजची कारखान्यातली स्लग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. काळ्या दारूवर हा वेग साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे मीटर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलत असल्याने तेवढ्याच वजनाच्या गोळीचा मार जवळजवळ निम्म्यावर येतो. जवळून तोही जीवघेणाच, पण लांबून डुक्कर नुसते जखमी होते आणि जखमी डुक्कर अंगावर येते. शिवाय काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी होतो. रात्री बार काढला की समोरचे दिसत नाही. काजळी ओल धरते आणि नळी गंजते. चुकलेली गोळी शेकडो मीटर जाते; पलीकडच्या रानातही कोणी जागलीला बसलेले असते.

खरे तर आवाज करून कळप पांगवण्यासाठी ठासणी पुरते. बहुतेक रात्री तेवढेच काम असते.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. पण बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे. पिकाच्या नुकसानीपोटी त्याला मारायचे, तर वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. घरी काडतुसे भरणे हे त्याच शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे ठरते.

त्याच कलम १३ मधील एक तरतूद मात्र शेतकऱ्यांपर्यंत फारशी पोहोचलेली दिसत नाही. पीकसंरक्षणाला ठासणी पुरेशी नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याला किमान वीस इंच नळीच्या, पीळ नसलेल्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. तिच्यात कारखान्याचे काडतूस चालते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. नुकसानभरपाईसाठी झालेले पंचनामे जपून ठेवले असतील, तर ते त्याला जोडावेत.