बावीस नंबरचा प्लॉट

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती फुगवून म्हणत असलो, तरी १९९६ मध्ये इंटरनेटसाठी परभणीहून मुंबईला एसटीडी लावावा लागे. विदेश संचार निगमचं शेल खातं, काळ्या पडद्यावर युनिक्स आणि एक डोळा मीटरवर. तिथून टेलनेटनं पुढच्या यंत्रात शिरायचं. तो पासवर्ड म्हणजे भरल्या एसटीत ओरडून सांगितलेला निरोप होता, हे फार उशिरा कळलं. तेव्हापासून एका पत्रव्यवहाराचा नाद लागला.

१९९५ च्या सुरुवातीला हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम बसवला होता. सापडला तेव्हा त्यात हजारो पासवर्ड जमले होते. तिथल्या तातू युलोनेननं मग पासवर्डसकट सगळं बोलणं सांकेतिक करणारं एसएसएच लिहिलं आणि जुलैत त्यासाठी पोर्ट क्रमांक, म्हणजे यंत्रावरचा दार नंबर, मागितला. २१ वर फाइली नेणारं एफटीपी, २३ वर टेलनेट. दोघांनाही उठवायचं म्हणून मधला मोकळा २२ हवा. तोच तो पत्रव्यवहार: अर्ज दहा जुलैचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरी त्याच्या हातात! आमच्याकडे फेरफाराची नोंद व्हायला किती हेलपाटे पडतात, ते वाचकांना सांगायला नको.

मंजुरी देणाऱ्या होत्या इंटरनेटचे हे क्रमांक वाटणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या जॉयस रेनॉल्ड्स. त्यांचं नाव शोधत मी जुनी मानकं चाळली आणि थबकलो. टेलनेटचं मे १९८३ चं मानक जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांचं. एफटीपीचं ऑक्टोबर १९८५ चंही याच दोघांचं. म्हणजे दोन्ही शेजारघरांच्या कागदांवर जिची सही, तिनंच त्यांना उठवणाऱ्याला मधला प्लॉट दिला, आणि तोही विनातक्रार. २०१५ मध्ये त्या गेल्या. आपल्याकडे कुणाला पत्ताही नसावा.

पुढचं भांडण नेहमीचं. युलोनेनच्या कंपनीनं परवान्याच्या अटी आवळल्या, ओपनबीएसडीवाल्यांनी जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून १९९९ मध्ये ओपनएसएसएच काढलं, २००१ मध्ये नावावरून वाजलं. नाव टिकलं, आणि जगानं ओपनएसएसएचच घेतलं.

पर्याय नव्हते असं नाही. आरलॉगिन तर 'हे यंत्र आपल्यातलंच' एवढ्या भरवशावर दार उघडायचं. त्याविषयी न बोललेलं बरं. एमआयटीचं केर्बेरॉस पक्कं, पण त्याला वेगळा मध्यवर्ती सर्व्हर लागतो आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळावी लागतात. चार यंत्रांच्या आणि रोजच्या लोडशेडिंगच्या कचेरीत ते कोण सांभाळणार? एसएसएचला दोन टोकं पुरतात. आज विचाराल तर एड२५५१९ ची किल्ली करा, तिला सांकेतिक वाक्य लावा, किल्लीनं लॉगिन होतंय याची खात्री करा आणि मगच पासवर्डनं येणं बंद करा.

एक खोड मात्र जात नाही. पहिल्यांदा जोडताना यंत्र आपला ठसा दाखवून 'हाच ना?' विचारतं, आणि सगळे न वाचता 'येस' ठोकतात. बनावट सर्व्हर मध्ये घुसायचा तो इथंच. मी पलीकडच्याला फोन करून अक्षर न् अक्षर वाचायला लावतो. परवा जिंतूरचा एक पोरगा वैतागून म्हणाला, "काका, सातबारा वाचून दाखवू का यापेक्षा?" म्हटलं, तोही वाच, पण आधी हे.